तू बोलत असतेस तेव्हा मी तिथे नसतो

ओलावा

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मुलगा उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत मी त्याला जितक्या वेळा काही सांगेन तितक्या रेघा ओढायच्या, असं ठरवलं होतं. नवरा म्हणाला होता की तू सारखी त्याच्या मागे लागलेली असतेस, आणि मला ते खोटं ठरवायचं होतं. पाऊण तासात ३४ रेघा झाल्या.

ऊठ. उशीर होतोय. दात घासलेस का? नीट घास. नळ बंद कर. कालची वही भरलीस का? इकडे बघ. मी काय म्हणतेय? शेवटच्या नऊ रेघा तर एकाच वाक्याच्या होत्या: मोजा घाल.

तो पलंगाच्या कडेला बसला होता. एक मोजा अर्धा पायात, दुसरा हातात, नजर भिंतीवर. भिंतीवर काहीही नाही. मी नवव्यांदा ओरडले तेव्हा दचकला आणि "अं?" म्हणाला. त्या "अं"मध्ये उर्मटपणा नव्हता, तो खरोखर लांबून आला होता. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. एरवी मी त्याला मुद्दाम केलेलं दुर्लक्षच समजत आले.

रात्री दिवा मालवल्यावर त्याच्याशेजारी पडून विचारलं, सकाळी कुठे होतास रे? बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "रागावणार नाहीस ना? माझं एक बेट आहे. तू बोलत असतेस तेव्हा मी इथे नसतो, तिथे असतो."

मग हळूहळू सांगितलं. बेटावर घड्याळ नाही. दारं आहेत, पण कड्या फक्त आतून. कुणी कुणाला हाक मारत नाही, ज्याला यायचं असेल तो येतो. मोजे वेगवेगळे घातले तरी चालतात. झोप आली की झोपायचं. आणि एक मोठं झाड आहे, त्यावर चढलं की "पडशील" असं कुणी म्हणत नाही. मी विचारलं, मी आहे का त्या बेटावर? तो म्हणाला, "आहेस, पण लांब आहेस. होडीत."

मला रात्रभर झोप लागली नाही. तो नऊ वर्षांचा आहे. अभ्यासात बरा आहे, मित्र आहेत, हसतो-खेळतो. पण मी बोलायला लागले की तो निघून जातो. हे बरं की वाईट? हे स्वप्न मोडायचं, की असू द्यायचं? आणि माझं काय चुकतंय? ज्यांनी हे पाहिलंय, किंवा स्वतः लहानपणी केलंय, त्यांनी कृपया लिहा.

पायवाट

ओलावा, तुमच्या मुलाचं बेट वाचून मी काम बाजूला ठेवून लिहायला बसलोय.

माझे वडील संध्याकाळी घरी आले की मला समोर उभं करायचे. मारायचे नाहीत, बोलायचे. अर्धा-पाऊण तास. आज काय केलंस, का नाही केलंस, तुझ्या वयात आम्ही काय करायचो, पुढे तुझं कसं होणार. मान खाली घातली की "मान वर कर" म्हणायचे. डोळ्यांत बघितलं की "डोळे काय वटारतोस" म्हणायचे. त्यामुळे बघायला एकच सुरक्षित जागा उरली होती, ती म्हणजे त्यांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण. चार भोकांचं. त्या चार भोकांतून मी रोज बाहेर पडलो. पहिल्या भोकातून रेल्वेच्या इंजिनात. दुसऱ्यातून समुद्राच्या तळाशी. तिसरं राखून ठेवलेलं होतं, फार मोठं भाषण असेल त्या दिवसासाठी. चौथ्यातून परत यायचं.

यात एक कसब लागतं आणि ते सगळ्या मुलांना आपोआप येतं. मान कधी हलवायची, "हो" कधी म्हणायचं, आवाज चढला की चेहरा किती पडू द्यायचा. शब्द ऐकायची गरजच नसते, चालीवरून सगळं कळतं. वडिलांना अखेरपर्यंत वाटत राहिलं की मी ऐकून घेतो.

आणखी एक सांगतो, कारण मोठ्यांना वाटतं की मुलांची स्वातंत्र्याची स्वप्नं म्हणजे घर सोडून पळून जाणं. माझी तशी नव्हती. माझं इंजिन कुठे लांब जात नसे. रस्त्याच्या टोकापर्यंत एकट्यानं जायचं, तिथे थोडा वेळ उभं राहायचं आणि परत यायचं, आणि परत आल्यावर "कुठे होतास" असं कुणी विचारायचं नाही. एवढंच. इतक्या वर्षांनी विचार करताना वाटतं, मला हवं होतं ते फारच थोडं होतं. कुणी खरोखर दिलं असतं तर बटणाकडे बघायची वेळ आली नसती.

कंदील

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नये.

आम्ही आईबाप काही हौसेनं कटकट करत नाही. मला दोन मुलं आहेत. सांगितलं नाही तर दप्तर घरी राहतं, बस चुकते, औषध घ्यायचं राहतं. एकदा सांगून होत असतं तर दहादा कशाला सांगितलं असतं? मुलगा तंद्रीत जातो म्हणून मला पुन्हा सांगावं लागतं, हेही तितकंच खरं आहे. सगळा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारू नका.

आणि बेट छान आहे, पण जगात घड्याळ असतं. हे त्याला कोण शिकवणार? आम्ही गप्प बसलो तर उद्या तोच म्हणेल, मला वळण का लावलं नाही. ओलावाताई, तुम्ही स्वतःला इतकं अपराधी मानू नका. ३४ वेळा सांगणारी आई ही ३४ वेळा काळजी करणारी आई असते.

शिंपला

मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी धास्ती दूर करू. मनात मनोरे रचणं हा आजार नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम सिंगर यांनी दिवास्वप्नांचा अभ्यास आयुष्यभर केला, त्यावरचं त्यांचं पहिलं मोठं पुस्तक १९६६ चं. त्याआधी दिवास्वप्न पाहणं म्हणजे वेळ फुकट घालवणं किंवा मनाचं काहीतरी बिनसल्याची खूण, असं बरेच लोक मानत. सिंगर यांनी त्यात तीन तऱ्हा वेगळ्या केल्या. एक रंगतदार, खेळकर, योजना आखणारी. दुसरी अपराधाची आणि भीतीची: मी नापास होईन, मला पकडतील, सगळे हसतील. तिसरी म्हणजे लक्ष कुठेच न ठरणं, स्वप्नही धड पूर्ण न होणं. तुमच्या मुलाच्या बेटाला झाड आहे, दारं आहेत, नियम आहेत, होडी आहे. हे पहिल्या तऱ्हेचं आहे. ते ऐकताना मला आनंद झाला.

पुढे २००१ मध्ये अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आपण बाहेरचं काही काम करत नसतो तेव्हाही मेंदूतला ठरावीक भागांचा एक संच ठरलेल्या रीतीनं चालू असतो. मन भटकतं तेव्हा, आठवणी येतात तेव्हा, पुढचं चित्र रंगवतो तेव्हा याच संचाचं काम चालतं, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसत गेलं. म्हणजे भिंतीकडे बघणारं मूल रिकामं बसलेलं नसतं.

मोठेही काही वेगळे नाहीत. २०१० मध्ये किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २२५० प्रौढांना दिवसभरात अधूनमधून मोबाइलवर विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे? जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. त्याच अभ्यासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. मन भटकलेलं असताना लोक सरासरी कमी आनंदी होते, आणि मन सुखद गोष्टीकडे गेलेलं असलं तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हते. म्हणून दिवास्वप्नांचा नुसता गौरव मी करणार नाही. मूल कुठे जातं यापेक्षा कशापासून निघून जातं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आता कटकटीबद्दल. साधारण दहा वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या संशोधकांनी ३२ मुलामुलींना, सरासरी वय १४, त्यांच्याच आईच्या आवाजातली टीका ऐकवली. फक्त ३० सेकंदांची. त्या वेळी मेंदूतले भावना उसळण्याशी संबंधित भाग जास्त चेतले. भावना आवरण्याशी संबंधित भाग मंदावले, आणि समोरच्याच्या मनात काय असेल हे ओळखण्याशी संबंधित भागही मंदावले. कंदील, तुमच्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथे आहे. आपण काळजीनं बोलतो, पण टीकेच्या सुरात बोलतो. आणि नेमकी त्या क्षणी ती काळजी ओळखण्याची मुलाची ताकद कमी झालेली असते. त्याच्यापर्यंत सूर पोचतो, काळजी वाटेतच राहते.

आणि स्वप्न स्वातंत्र्याचंच का? १९६६ मध्येच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी मांडलं की माणसाला आपलं स्वातंत्र्य हिरावलं जातंय असं वाटलं की ते परत मिळवायची ओढ उठते. मोठा माणूस "नाही" म्हणतो, दार आपटतो, निघून जातो. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं काहीच करता येत नाही. मग तो जिथे कुणी येऊ शकत नाही तिथे जाऊन ते परत मिळवतो. कड्या आतून, हे त्यानं उगाच सांगितलेलं नाही.

एक गोष्ट मात्र नीट तपासा, आणि हे इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. तंद्री आणि अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार दिसायला सारखे असू शकतात. त्या प्रकारात मूल बोलता-चालता मध्येच थांबतं, नजर स्थिर होते, कधी पापण्या फडफडतात. हे साधारण १० ते २० सेकंद चालतं, दिवसातून कितीतरी वेळा होऊ शकतं. हाक मारली, खांद्याला हात लावला तरी मूल भानावर येत नाही, आणि मग काही झालंच नाही असं पुढचं काम सुरू करतं. मधलं त्याला आठवत नाही. साधारण ४ ते १० वर्षं या वयात हे सुरू होतं. असं दिसलं, खेळता-खेळता किंवा बोलता-बोलताही होत असेल, तर रागावण्यात दिवस घालवू नका, डॉक्टरांकडे न्या. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीत ते कळतं आणि त्यावर उपचार आहेत. तुमचा मुलगा हाकेला दचकून परत येतो आणि कुठे होता ते सांगू शकतो, त्यामुळे मला ते वाटत नाही. पण शंका असेल तर विचारून घ्या.

भिंगरी

मी १७ वर्षांची आहे. इथे सगळे मोठे बोलतायत म्हणून लिहावं की नाही कळत नव्हतं.

आतून कसं वाटतं ते सांगते. आई सुरू झाली की पहिलं वाक्य ऐकू येतं. दुसरं पण येतं. तिसऱ्यापासून शब्द नसतात, फक्त आवाज, बाजूच्या खोलीत कुणीतरी बोलत असावं तसा. मी मुद्दाम करत नाही. कान आपोआप मिटतात. कंदीलकाका म्हणतात की ऐकत नाही म्हणून पुन्हा सांगावं लागतं. मला वाटतं की पुन्हा सांगणार हे माहीत असतं म्हणून पहिल्यांदा ऐकावंसंच वाटत नाही. कोण आधी सुरू करतं ते मला माहीत नाही.

लहानपणी मी उडायचे. खिडकीतून. आता माझं स्वप्न असं आहे की मी घरातच आहे, माझ्याच खोलीत. आई पण घरात आहे. ती दारात येते, मला बघते, आणि काही न बोलता जाते. बाकी काही नाही. हे स्वप्न मी रोज बघते. ओलावाकाकू, तुमच्या मुलानं तुम्हाला होडीत ठेवलंय, बेटावरून काढून टाकलेलं नाही. ते वाचून मला रडू आलं.

ओलावा

भिंगरी, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. "काही न बोलता जाते" हे मी लक्षात ठेवीन.

शिंपला, खूप आभार. तुम्ही सांगितलेली लक्षणं नाहीत, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारीन. मी एक केलंय. त्याला म्हटलं, तुझ्या बेटाचा नकाशा काढशील? मोठा कागद आणला, रंग दिले. त्यानं काढला. झाड, दारं, होडी सगळं आहे. मी खूप कौतुक केलं आणि भिंतीवर लावला. आता रोज विचारते, आज बेटावर काय झालं? वाटतंय की आमच्यात एक वाट उघडलीय.

दीपमाळ

पंचवीस वर्षं प्राथमिक वर्गाला शिकवतेय. खिडकीकडे बघणारी मुलं मला दर वर्षी भेटतात.

सुरुवातीची दहा वर्षं मी त्यांना मोठ्यांदा नावानं हाक मारायचे, सगळा वर्ग वळून बघायचा. मूल भानावर यायचं, पण लाजेनं लाल होऊन यायचं आणि दोन मिनिटांत पुन्हा जायचं, या वेळी आणखी लांब. मग मी चालत त्याच्या बाकाजवळ जायला लागले. वहीवर बोट ठेवायचं, थांबायचं, नजर आपल्याकडे वळली की एकच गोष्ट सांगायची, तीही हळू. एक झाली की दुसरी. एवढ्या बदलानं माझा आवाज वाचला आणि मुलांची मानही.

घरात आपण काय करतो? दुसऱ्या खोलीतून ओरडतो. आणि एका दमात पाच गोष्टी: बूट काढ, हात धू, डबा बाहेर ठेव, वही दाखव आणि हो, उद्याचं काय ते बघ. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात एका वेळी इतकं मावत नाही. त्यातली एक किंवा दोन उरतात, बाकीच्यांसाठी आपण पुन्हा सुरू होतो. हा त्याचा आळस नाही, वय आहे.

आणखी एक प्रश्न मी पालकांना विचारते. तुमच्या मुलाच्या दिवसात असा किती वेळ आहे की ज्यात त्याला कुणीही काहीही सांगत नाही? शाळा, शिकवणी, वर्ग, अभ्यास, सगळं धरून. बहुतेक पालक गप्प होतात. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार मंजूर केला. त्याच्या ३१व्या कलमात विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा मुलाचा हक्क म्हणून लिहिला आहे. आपल्याकडे मात्र मोकळा वेळ हे बक्षीस असतं, सगळं संपवलंस तर मिळेल असं. आणि सगळं कधीच संपत नाही. मग मूल तो वेळ मोजा घालता-घालता काढून घेतं. दुसरीकडे कुठून काढणार?

उतरंड

मी सत्तरीची आहे, नातीनं आयडी काढून दिलाय. टंकायला वेळ लागतो.

ओलावा, तू नकाशा भिंतीवर लावलास ते वाचून छातीत धस्स झालं. लगेच काढ, बाई. आणि रोज विचारू नकोस.

माझ्या आईच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की मी माळ्यावरच्या एका पत्र्याच्या ट्रंकेत जायचे. खरी ट्रंक होती, पण मी मनानंच जायचे. आत एक जिना होता, खाली एक मोठं घर. त्या घरात मी मुख्य. किल्ल्या माझ्या कमरेला. कधी एकदा मोठ्या बहिणीला सांगितलं. तिनं कौतुकानं आईला सांगितलं. आईनं पाहुण्यांना. सगळे हसले, प्रेमानंच हसले. पण त्यानंतर मी ट्रंक उघडली की आत फक्त जुनी कापडं दिसायची. जिना गेला तो गेलाच. किती वर्षं झाली, मला अजून ती आठवण टोचते.

मोठ्यांना मुलाचं काही आवडलं की ते त्यांना लगेच हातात घेऊन बघायचं असतं. मुलाचा जीव मात्र त्याच्या लपलेपणात असतो.

पायवाट

उतरंडआजी, तुमच्या पोस्टवरून एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली लेखक ब्राँटे भावंडं आठवली. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. १८२६ मध्ये वडिलांनी ब्रॅनवेलसाठी लाकडी सैनिकांचा एक संच आणला आणि त्या सैनिकांवरून चौघांनी एक आख्खं जग उभं केलं. पुढे त्यातून शार्लट-ब्रॅनवेलचं अँग्रिया आणि एमिली-अ‍ॅनचं गाँडाल निघालं. राजे, लढाया, वर्तमानपत्रंसुद्धा. हे सगळं त्यांनी लिहिलं ते खेळण्यातल्या सैनिकांच्या मापाच्या, तळहातात मावतील अशा चिमुकल्या वह्यांत, इतक्या बारीक अक्षरात की मोठ्यांना भिंगाशिवाय वाचणं कठीण. वह्या सैनिकांच्या मापाच्या होत्या म्हणून अक्षर बारीक, हे खरंच. पण मला नेहमी वाटतं की मोठ्यांना वाचता येऊ नये हाही त्यातला एक आनंद असणार.

कंदील

मी आठवडाभर धागा वाचत होतो. दीपमाळताईंचं करून बघितलं, म्हणून लिहितो.

धाकट्याला दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, जवळ जाऊन एकदाच सांगायचं, असं ठरवलं. पहिल्या दिवशी बस चुकली. दुसऱ्या दिवशी मी तिसऱ्याच मिनिटाला ओरडलो, जुनी सवय. तिसऱ्या दिवशी खांद्यावर हात ठेवून म्हणालो, बूट. तो उठला आणि बूट घातले. मला आनंद झाला, आणि वाईटही वाटलं, कारण माझा हात खांद्यावर पडला तेव्हा तो आधी आकसला. त्याला वाटलं मी रागावणार.

मोठीचं मात्र जमत नाहीये. ती १४ ची आहे. जवळ गेलो तर म्हणते "काय आहे?" लांबून सांगितलं तर ऐकत नाही. पूर्वी माझा आवाज आला की पळत यायची. मी म्हणालो होतो की जगात घड्याळ असतं, ते माझं मत अजून तेच आहे. पण भिंगरीनं लिहिलंय ते माझी मुलगी मला कधी सांगणार नाही, हे कळतंय.

शिंपला

कंदील, मोठीबद्दल एक सांगते, थोडा धीर येईल. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी आधी ७ ते १२ वर्षांच्या मुलांत पाहिलं होतं की आईच्या आवाजानं मेंदूतले आनंदाशी आणि महत्त्व देण्याशी जोडलेले भाग विशेष चेततात. मग २०२२ मध्ये त्यांनी तेरा वर्षांपुढच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चित्र उलटं होतं. त्याच भागांचा प्रतिसाद आईपेक्षा अनोळखी आवाजांना जास्त होता. तो अभ्यास आईच्या आवाजाचा आहे, बापाच्या आवाजाचा नाही. पण या वयात कान घराबाहेर वळतात, त्यांना पुढे बाहेरच्या जगात जायचं असतं. तिनं तुम्हाला टाकलंय असा अर्थ घेऊ नका.

आणि ओलावा, उतरंडआजींनी जे सांगितलं त्याला आमच्या शास्त्रात फार जुना आधार आहे. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५८ मध्ये त्यांनी एकटं राहता येण्याच्या क्षमतेवर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की मूल एकटं राहायला शिकतं ते आई जवळ असताना. ती तिथे आहे, पण काही मागत नाही, काही सांगत नाही, काही विचारत नाही. तिच्या असण्याचा भरवसा असतो, म्हणून मूल निर्धास्तपणे स्वतःत जातं. भिंगरी जे स्वप्न रोज बघते ते नेमकं हेच आहे.

माझी काळजी वेगळ्या मुलांसाठी असते. इस्रायली मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये अशा दिवास्वप्नांबद्दल लिहिलं की जी तासन् तास चालतात, ज्यांतून बाहेर येता येत नाही, जी माणसांची, अभ्यासाची, झोपेची जागा घेतात. मूल मित्रांना टाळून स्वप्नाकडे धावायला लागलं, बाहेर आणलं की तळमळायला लागलं, तर मदत घ्या. अर्ध्या मोज्याची तंद्री ती नव्हे.

ओलावा

आजी, तुमची पोस्ट मी उशिरा वाचली.

नकाशा काढायला गेले तर भिंतीवर नव्हता. त्यानं आदल्या दिवशीच काढून, नीट घडी घालून माझ्या पुस्तकांच्या कप्प्यात ठेवला होता. मी विचारलं, का रे? तो म्हणाला, "तो तुला ठेव. आता ते तुझं पण झालं ना. मी दुसरं शोधतोय." रागानं नाही म्हणाला. समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, मी त्याला समजावते तसं.

मी खूप रडले. आधी माझ्या बोलण्यानं त्याला बेटावर पाठवलं आणि मग माझ्या कौतुकानं तिथून उठवलं. नवरा म्हणतो, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, मुलांना बेटं सापडत राहतात. तसंच असेल. पण त्या झाडावर तो आता चढत नसेल, हे काही केल्या मनातून जात नाही.

भिंगरी

काकू, त्यानं नकाशा फाडला नाही. तुमच्या कप्प्यात ठेवला. माझा कुणी मागितला असता तर मी फाडला असता.

उतरंड

मुलगी बरोबर बोलतेय. जपून ठेव तो. त्याच्याकडे त्याचा विषय काढू नकोस. आणि खरं झाड असेल जवळपास कुठे तर त्यावर चढू दे. खाली उभी राहा, पण तोंड मिटून.

दीपमाळ

आजींचं शेवटचं वाक्य मी पालकसभेत सांगणार आहे.

ओलावाताई, रेघा पुन्हा मोजल्यात का? मोजत राहा असं म्हणत नाही, पण एकदा कळवा.

ओलावा

तीन आठवड्यांनी लिहितेय.

रेघा पुन्हा मोजल्या, ११ झाल्या. एका वाईट दिवशी २६. घाई असली की माझी जीभ माझं ऐकत नाही. रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवलाय, त्यात त्याला कुणी हाक मारायची नाही, फोन आला तरी नाही, पाहुणे आले तरी नाही. पहिले दोन दिवस तोच येऊन विचारत होता, "काही काम आहे का?" आता येत नाही. कधी जमिनीवर उताणा पडून असतो, कधी काहीतरी पुटपुटतो. मी त्याच खोलीत माझं काम करत बसते.

झाडावर परवा चढला. "पडशील" हा शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. खाली उतरताना गुडघा खरचटला, तो त्यानं स्वतः धुतला.

आज सकाळी मोज्याचं पुन्हा तेच झालं. पलंगाची कड, एक मोजा अर्धा पायात, नजर भिंतीवर. मी दारात उभी होते. घड्याळ मला दिसत होतं. शाळेला उशीर होणार हेही दिसत होतं. मी आत गेले नाही आणि काही बोलले नाही. चार मिनिटं झाली असतील. मग त्यानं मान वळवली, मला बघितलं, थोडा हसला, आणि मोजा वर ओढला. दुसराही घातला. मग बुटांकडे गेला.

कुठे होता ते मी विचारलं नाही.